न पिणाऱ्याचं परमिट

मरोळच्या ह्युबर्टने चार दिवसांत अंगणात इतक्या येरझाऱ्या घातल्या, की कोंबड्यांनीसुद्धा त्याच्यासाठी वाट सोडली. रविवारी लेकीचा, क्लॅरिसचा, साखरपुडा. होणारे व्याही रोझारिओ जुन्या चालीचे. दोन्ही बापांनी एका पेल्यातून घोट घेतल्याशिवाय सोयरीक पक्की नाही. आणि इथे दारूबंदी! दारातल्या ताडाला ताडीचं मडकं लावायचीही चोरी.

आता गंमत बघा. ही बंदी मागणाऱ्या अर्जावर खुद्द ह्युबर्टची सही होती. गावातला अनंत विहिरीत पडून मेला, तेव्हा अंधेरीचे श्यामकांत मास्तर दारोदार हिंडले. "ताडीने बळी घेतला! उद्या तुमची पोरं!" बायाबापड्या घाबरल्या, गाव पेटलं. अनंत तर कधी ताकापलीकडे गेला नव्हता. विहिरीच्या पायऱ्या शेवाळल्या होत्या. ह्युबर्टला ते ठाऊक होतं, पण चारचौघांत कोण तोंड उघडतो? असल्याच अर्जांच्या ढिगावर कायदा उभा राहिला. शेवाळ होतं तिथेच राहिलं.

"विक्रोळीच्या खाडीतली चोरटी दारू आणू?" बायकोने विचारलं.

"आणि ती पिऊन व्याही आंधळा झाला म्हणजे?"

शेवटी नाताळच्या अर्ध्या पेल्यावर शिंकणारा हा माणूस डॉक्टरकडे गेला, 'दारूवाचून जगू शकत नाही' असं लिहून घेतलं आणि परमिट काढून बाटली घेऊन आला.

रविवारी पाहुण्यांत मास्तरही होते. रोझारिओने पेला उचलला. "कुठून पैदा केलीत?"

ह्युबर्टने ऐटीत परमिट पुढे केलं. रोझारिओने वाचलं आणि पेला खाली ठेवला.

"बेवड्याची पोर करू मी? ऊठ रे!" तो मुलावर खेकसला.

क्लॅरिसने पेला ताडाच्या बुंध्याशी रिकामा केला आणि तरातरा विहिरीकडे निघाली. "पाणी चालेल ना?"

"सांभाळ गं! शेवाळ आहे! अनंतचा पाय तिथंच घसरला!" ह्युबर्ट ओरडला.

मास्तर चपापले. "म्हणजे ताडी नव्हती?"

"थेंब नव्हता, मास्तर. माहीत असून सही केली. भ्यालो."

"आणि हे परमिट?" रोझारिओने विचारलं.

"तेही खोटंच."

रोझारिओने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "एवढं खरं बोलणारा बेवडा काय मी पाहिला नाय बाबा. आण गं पोरी पाणी."

दोघांनी घोट घेतला. ह्युबर्ट काही टेकला नाही. सुटाच्या बाह्या सारून खराटा घेऊन तो थेट विहिरीच्या पायऱ्या उतरला. मागोमाग, धोतर सावरत, मास्तर.