कमरोद्दीनचा घाम

संभाजीनगरात शहागंजच्या मागच्या गल्लीत माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे आणि दुकानासमोर नानची भट्टी. मटणाचा खलिया लोक कुठूनही आणोत, नान मात्र इथूनच नेतात. ह्या भट्टीवर कमरोद्दीन वीसेक वर्षं नान लावत होता. आता लावत नाही. का लावत नाही हे सांगायला बसलोय, आणि सांगताना माझं डोकं फिरलं तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

कमरोद्दीनला घाम यायचा. तसा तो कुणाला येत नाही? पण ह्याला ऐन थंडीत, पंख्याखाली, बसल्या जागी यायचा. कपाळावरून, हनुवटीवरून, तळहातांतून नुसती धार. शाळेत पाटीवरचं लिहिलेलं त्याच्याच हाताखाली पुसून जायचं, म्हणून मास्तरांनी छड्या मारल्या. लग्नात मेव्हण्यांनी आहेर म्हणून टॉवेलांचा गठ्ठा दिला आणि अख्खा मांडव हसला. ईदला लोक गळाभेट घेत घेत यायचे आणि त्याच्यापाशी आले की लांबूनच सलाम करून पुढं सरकायचे. हे सगळं तो हसत सांगायचा, आणि त्याच्या त्या हसण्याचाच मला राग यायचा. हात मिळवायची वेळ आली की आधी पँटला खसाखसा पुसायचा. मला रोज "जयभीम, अतुलभाऊ" म्हणायचा, तेही रस्त्याच्या पलीकडून, हात छातीशी धरून.

भट्टीचं काम त्यानं मुद्दाम धरलं होतं. वडील पडेगावला वेल्डिंग करायचे, ते शिकला असता तर चार पैसे जास्त मिळाले असते. पण तो म्हणायचा, "भट्टी के सामने सबकू पसीना आता, अतुलभाऊ. तिथं मला कोन विचारणार?" साऱ्या शहरात घामाला माफी असलेली एकच जागा त्याला सापडली होती. तिथं तो राजा होता. कणकेचा गोळा हातावर फिरवून कापडी उशीवर पसरायचा, वर हळद-गुळाचं पाणी फिरवायचा आणि आत वाकून भिंतीला असा चिकटवायचा की बघत राहावं. डोक्याला एक गमछा, गळ्यात दुसरा. भिजले की बदलायचे. जवळ पाण्याचा माठ. वर्षानुवर्षं कुणाची तक्रार नव्हती.

मग गेल्या दिवाळीनंतर एका गिऱ्हाइकानं मोबाइल काढला आणि व्हिडिओ करून फिरवला. कमरोद्दीन वाकलेला, हनुवटीवरून एक थेंब सुटतो आणि नानवर पडतो, एवढंच त्यात होतं. खाली काय काय लिहिलं गेलं ते मी इथं लिहिणार नाही. ज्यांनी ह्या गल्लीत कधी पाय ठेवला नाही, ज्यांना नान आणि पाव ह्यातला फरक कळत नाही, त्यांनी त्याची जात, धर्म, नियत सगळं त्या एका थेंबातून काढलं. गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. भट्टीचा मालक साकिब, बापाच्या जागी नुकताच बसलेला पोरगा. त्यानं चार लोकांसमोर सांगितलं, "चाचा, पसीने का कुछ करो. नाय तर मी दुसरा मानूस बघतो."

घामाचं काय करणार? तरी कमरोद्दीन कातडीच्या डॉक्टरकडे गेला. पन्नाशीच्या घरात आलेला माणूस घामासाठी आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरची पायरी चढला, कारण घाम हा आजार असतो असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सोबत बायको जन्नत होती. तिथं काय झालं ते तिनंच मला नंतर सांगितलं.

डॉक्टरांनी नीट विचारपूस केली. डोळ्यांत काचबिंदू आहे का, लघवी अडते का, हृदयाचं काही, मूत्रपिंडाचं काही, दुसरी औषधं चालू आहेत का. मग गोळी लिहून दिली, ग्लायकोपायरोलेट. म्हणाले, सकाळी एक, दुपारी एक, उपाशीपोटी. तोंड कोरडं पडेल. डोळ्यांपुढं धूसर झालं, छातीत धडधडलं, लघवी अडली, तर बंद करून लगेच या. एखादी चुकली तर चुकली, पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. आणि उष्णतेला जपायचं, कारण घाम थांबला की अंगातली गरमी बाहेर पडायला वाट राहत नाही.

शेवटी त्यांनी विचारलं, "काम काय करता?"

"हॉटेल में हूँ," कमरोद्दीन म्हणाला.

जन्नतनं तोंड उघडलं, तर ह्यानं तिच्याकडे असं बघितलं की ती गप्प बसली. नानची भट्टी म्हटलं आणि डॉक्टरांनीही तो व्हिडिओ बघितलेला असला तर? त्या शरमेपायी त्यानं आग लपवली. डॉक्टर म्हणाले, सावलीतलं काम आहे, बरं आहे. काय बरं होतं त्यात, माझं कपाळ!

गोळीनं काम केलं. आठवडाभरात माणूस कोरडा. मला वाटलं होतं तो नाचेल, पण तो नुसता स्वतःच्या तळहातांकडे बघत बसायचा. एके दिवशी रस्ता ओलांडून दुकानात आला आणि हात न पुसता माझ्यापुढं केला. कोरडा, खरखरीत हात. वीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही हात मिळवला. जन्नत सांगत होती, तिला घेऊन बाजारात गेला तर भर रस्त्यात तिचा हात धरून चालला, आणि ती लाजून मेली. स्वतःसाठी त्यानं निळा शर्ट घेतला. आजवर पांढऱ्याशिवाय घातला नव्हता, रंगीत कापडावर ओल दिसते म्हणून. साकिबनं त्याच्या कोरड्या चेहऱ्याचा व्हिडिओ काढून फिरवला, गिऱ्हाईक परत आलं. थंडी होती, माठ जवळ होता, तोंड सुकलं की तो घोटभर पाणी प्यायचा. निभावत होतं.

मग रमजान लागला. संभाजीनगरात मार्चमध्येच ऊन चटके द्यायला लागतं, आणि रमजानमध्ये नानला गर्दी अशी की दुपारपासून भट्टीपुढून हलता येत नाही. कमरोद्दीन लहानपणापासून रोजे धरणारा. आता दुपारची गोळी कशी गिळणार? पाण्याचा घोट चालत नाही तिथं गोळी कुठली? त्यानं आपल्या मनानं तोड काढली. पहाटेच्या खाण्याला, सेहरीलाच, दोन्ही घ्यायच्या. पुढं दुपारी कपाळ ओलसर वाटायला लागलं, तेव्हा तिसरी वाढवली. जन्नत म्हणाली, डॉक्टरला विचारा. नाय तर रोजे सोडा, बिमार माणसाला माफी असते. तर हा म्हणतो, "पसीने को बिमारी कौन बोलता?"

सांगा आता, ह्याला काय म्हणायचं? उभ्या जन्मात लोकांनी ज्याला घाण म्हटलं, त्याला हा बापडा एकाएकी आजार कसा म्हणणार होता?

गोळी इशारे देत होती. पण रमजानात ते कळणार कुणाला? तोंडाला कोरड पडायची, ती सगळ्यांच्याच पडलेली. लघवी होत नव्हती, तर पाणीच पीत नाही म्हणून सोडून दिलं. डोळ्यांपुढं धूसर व्हायचं, त्याचं खापर उपासावर. चेहरा लालबुंद दिसायला लागला, तर रांगेतला एक दाढीवाला बुजुर्ग मायेनं म्हणाला, "माशाल्ला, कमरोद्दीन, चेहरे पे क्या नूर आया है!" कमरोद्दीन खूश झाला. मीही समोरून बघितलं आणि मला तो चेहरा तेजस्वीच वाटला. अंगात आग कोंडली होती आणि आम्ही तिला नूर म्हणत होतो.

त्या दुपारी मी मशीनच्या पट्ट्यात गुंतलो होतो. समोर हशा झाला म्हणून मान वर केली. कमरोद्दीन पसरलेला नान घेऊन भट्टीच्या तोंडाशी न जाता बाहेर आला होता आणि साकिबच्या दुकानाच्या भिंतीला तो चिकटवत होता. नान खाली पडायचा, हा उचलून परत लावायचा. रांगेतलं कुणी म्हणालं, "चाचा को रोजा लगा!" लोक हसले. मी धावलो. दंड धरला तर इस्त्रीला हात लागावा तसा चटका बसला. कातडी कोरडी ठाक. माझ्याकडे बघून म्हणाला, "अब्बा, आज वेल्डिंग बंद रखो, बहोत गरम हो रहा." त्याचे अब्बा जाऊन कैक वर्षं झाली होती. एवढं बोलून तो माझ्या अंगावर कोसळला.

मी ओरडलो, "पाणी आणा!" तर एकजण म्हणाला, रोजा आहे त्यांचा. माझ्या तोंडून शिवीच गेली. तेवढ्यात रांगेतली एक म्हातारी पुढं आली, "जान रही तो रोजे बहोत हैं, डालो पानी!" असं म्हणून तिनं कणकेच्या पाण्याची बादली त्याच्या अंगावर रिकामी केली. ओली कापडं गुंडाळली, रिक्षात घातला आणि घाटीचा सरकारी दवाखाना गाठला. वाटेत मी पुठ्ठ्यानं वारा घालत होतो आणि देवाला न मानणारा मी कुणाची तरी विनवणी करत होतो.

घाटीतल्या डॉक्टरीणबाईंनी ताप बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "ह्यांना घाम का नाही?" पाठोपाठ आलेल्या जन्नतनं पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून पुढं धरलं. किती घेत होते, बाईंनी विचारलं. तिनं सांगितलं. भट्टीचंही सांगितलं. बाई रागावल्या नाहीत, हे मला आठवतं. एवढंच म्हणाल्या की रोज्यात गोळीची वेळ कशी बसवायची हे विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं, आणि आगीसमोरच्या माणसाला ही गोळी कुणी दिलीच नसती. मग त्या बर्फ आणि ओल्या चादरी मागवायला धावल्या.

दुसऱ्या दिवशी त्याच्या कानशिलावर एक थेंब उमटला. जन्नत किंचाळली, "सिस्टर, पसीना! इनको पसीना आया!" शेजारच्या खाटेवरच्यांना वाटलं बाईचं डोकं फिरलं. सिस्टर कापूस घेऊन आली तर जन्नतनं तिचा हात धरला. थेंब गळ्यापर्यंत ओघळू दिला, पुसू दिला नाही. आणि मग ती अशी रडली की मला वॉर्डाबाहेर जावं लागलं.

कमरोद्दीन वाचला, पण पुरता नाही. चालताना तोल जातो, हात थरथरतो, आणि आगीपुढं उभं राहायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. आता तो मेव्हण्याच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसतो. नोटा ओल्या होतात म्हणून मेव्हणा कुरकुरतो. टॉवेल दिलेला तोच हा मेव्हणा.

परवा तो माझ्याकडे आला होता. स्टुलावर बसला, हनुवटीवरून धार लागलेली. समोर साकिबचा नवीन माणूस, तरणाताठा, भट्टीत वाकत होता. मे महिन्याची दुपार. त्याच्या कपाळावरून घाम टपटप गळत होता आणि रांग गल्लीच्या तोंडापर्यंत गेली होती. कुणाच्याही हातात मोबाइल नव्हता.

कमरोद्दीननं भट्टीकडे बोट दाखवलं.

"त्यालाबी येतोय ना, अतुलभाऊ?"

"येतोय."

"आनि लोक खातेत?"

"खातेत."

त्यानं मान हलवली. ह्या वेळी हसला नाही.

"मंग मेराच पसीना खराब था क्या?"

मी हातातला पाना खाली ठेवला. त्याचा ओला हात मी धरला. तो सोडवून घेऊन पँटला पुसायला लागला, तर मी पुसू दिला नाही.