उलटी कापलेली बाही

धाकटीचं अर्धं आयुष्य थोरलीच्या वतीनं माफी मागण्यात गेलं. लहानपणी थोरलीच्या हातून बरणी फुटली की ती हिच्या कानाशी लागायची, "तू म्हण ना, मी फोडली. तू लहान आहेस, तुला कोण रागावणार?" आणि धाकटीला धपाटे बसायचे. चांगले सणसणीत!

पुढे दोघींनी शिवणाचं दुकान काढलं. कापायचं थोरलीनं, शिवायचं धाकटीनं. काप चुकला की थोरलीचं डोकं ठणकायला लागायचं. ती पडद्यामागे आडवी व्हायची आणि आतून क्षीण आवाज यायचा, "तूच सांग गं. तुझा स्वभाव गोड. माझ्यावर कुणी ओरडलं तर मी मरूनच जाईन." सख्ख्या बहिणीला कोण मरू देईल? धाकटी वेंधळी, अशी ख्याती मात्र गल्लीभर झाली.

त्या दिवशी मुख्याध्यापिकाबाई मखमलीचा कोट घालून बघत होत्या. त्यांच्या शाळेत शिवण शिकवायची जागा रिकामी होती आणि तिच्यासाठी अर्ज केलेल्या धाकटीचा जीव टांगणीला लागला होता. बाईंनी आरशासमोर हात पुढे केले. एक बाही गर्द, दुसरी फिकट! कापड वाचवायच्या नादात थोरलीनं एक बाही उलटी कापली होती, त्यामुळे मखमलीची लव तिच्यावर वरच्या बाजूला वळली होती. धाकटीला जोडतानाच शंका आली होती. "उजेडाचा खेळ आहे, तुला नेहमी भलतंच दिसतं," म्हणून थोरलीनं ती उडवून लावली होती.

"ही कुणी कापली?" बाईंनी विचारलं.

पडद्यामागे कण्हणं सुरू झालं. नेहमीचं वाक्य धाकटीच्या अगदी ओठांवर आलं. तिनं ते गिळलं. आणि तिनं हाक मारली, "ताई, बाहेर ये. बाई विचारतायत."

कण्हणं थांबलं. पडदा सरकला आणि पांढरीफटक थोरली बाहेर आली.

"मी कापली. उलटी कापली."

"मग आता सुलटी कापा," बाई म्हणाल्या. "कापड उरलंय ना?"

"उरलंय."

एवढंच! जन्मभर ज्यांची धास्ती घेतली ती बोलणी बसलीच नाहीत. थोरली मटकन स्टुलावर बसली आणि तिला हसू फुटलं. धाकटीला रडू आलं, पण ते सुटल्याचं.

"आणि तुम्ही सोमवारपासून शाळेत शिकवायला येताय ना?" बाईंनी धाकटीला विचारलं.

थोरलीचा चेहरा पडला. "अगं, मग गिऱ्हाइकांशी बोलणार कोण?"

"तू," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "आत्ता बोललीस ना, तस्सं."