मामाची बोट आणि काटाबाई

काटाबाई घरात शिरल्या की आधी पोराचं वजन करायच्या आणि मग घरातल्या मोठ्यांची हजेरी घ्यायच्या. अंगणवाडीच्या बाई त्या, खांद्याला कायम वजनकाटा. म्हणून रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत सगळ्याजणी त्यांना काटाबाई म्हणत. तोंडावर नाही, एवढी अक्कल आम्हाला होती.

चहा विचारला तर म्हणायच्या, "माझं राहू दे, पोराची वाटी दाखव." वाटीत वरणाचं पाणी दिसलं की संपलंच. "वा! डाळ मोठ्यांना आणि भांडं विसळलेलं पाणी पोराला!"

आमच्याकडे तर वाटीच नव्हती. माझी मुलगी आठ महिन्यांची झाली तरी नुसती अंगावर पीत होती, कारण उष्टावण व्हायचं होतं. पहिला घास मामानेच भरवायचा, आणि मामा, म्हणजे माझा भाऊ, बोटीवर. कंपनीने त्याचा करार दोनदा वाढवला. आम्हीही मुलीची भूक दोनदा पुढे ढकलली. मी बी.एस्सी. झालेली. त्या शिक्षणाचा उपयोग बोट कुठवर आली ते मोबाइलवर बघण्यापुरता होत होता.

तीन महिने वजन हललं नाही. बाईंनी तक्त्यावरची आडवी रेघ सासूबाईंपुढे धरली.

"काकी, सहा महिन्यांनंतर नुसत्या दुधावर भागत नाय हो."

"आमच्यात तशी रीत आहे," सासूबाई म्हणाल्या.

"असू दे की. मामा तिकडं बोटीवर तीन टायमाला जेवतोय ना? मग भाचीच उपाशी का?"

मी खाली मान घालून उभी. बाईंनीच हात धुतले, भात-डाळ कुस्करून तूप घातलं, मुलीला मांडीवर घेतलं. पहिला घास तिने थुंकला, दुसरा गिळला, तिसऱ्याला बाईंचं बोट चावलं. सासूबाई तरातरा आत निघून गेल्या. मला रडू आवरेना.

चौदाव्या महिन्यात मामा अवतरला. हॉल, चांदीची वाटी, फोटोवाला, सगळं यथासांग. तोवर बांगडा खायला लागलेली माझी मुलगी त्या खिरीकडे बघेना. तिचा हा 'पहिला' घास सर्वांनी टाळ्या वाजवून साजरा केला. बाईंना बोलावणं नव्हतं. यादी सासूबाईंनी केली होती, आणि मी ती वाचून गप्प बसले होते. त्याची लाज मला अजून वाटते.

गेल्या वर्षी काटाबाई वारल्या. त्यानंतर एकदा मुलगी अल्बम घेऊन बसली होती. "आई, मला पहिल्यांदा मामाने भरवलं ना?"

"हो," मी सवयीने म्हणाले.

सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "खोटं नको सांगूस तिला. बाईंनी भरवलंन."