कमरेला दोर

कड्यावर चढायला नवखी माणसं का धजत नाहीत, असं कुणी विचारलं की लगेच उत्तर येतं, उंचीची भीती. मला ते कधीच पटलं नाही. पुढे पुष्कळ वर्षं मी मुलींना कडे चढायला शिकवलं. त्यांतल्या उंचीला घाबरून परत गेलेल्या बोटांवर मोजता येतील. बाकीच्या गेल्या त्या पँट घालायची लाज वाटली म्हणून, हात खरबरीत होतील म्हणून, पाय मोडला तर लग्न कसं जमायचं म्हणून. शिवाय प्रत्येकीच्या पोटात एखादं असं कारण असतं, जे ती कुणालाच सांगत नाही. माझ्याही होतं.

दुष्काळाचं साल होतं, बहात्तर संपत आलेलं. मी नगरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते आणि वसतिगृहात राहत होते. कॉलेजातली मुलं दर नाताळच्या सुट्टीत अकोले तालुक्यात, राजूरच्या पुढे, पाच दिवसांच्या शिबिराला जात आणि कडे चढायला शिकत. त्या वर्षी फलकावरच्या सूचनेत पहिल्यांदाच ‘मुलींसाठीही’ असा शब्द आला. दोन दिवसांत अकरा नावं पडली. निघायच्या सकाळी स्टँडवर आम्ही चौघीच होतो.

शिबिराचे सर आम्हाला भूगोल शिकवायचे. माणूस वाईट नव्हता, पण मुलींचं हे लचांड आपल्या गळ्यात मारलंय असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. एसटीत बसल्यावर त्यांनी स्पष्टच सांगितलं, “हे बघा, तुमच्यापैकी एकीनं जरी शेवटच्या दिवसापर्यंत मोठा कडा पार केला, तर पुढच्या वर्षी मुलींची तुकडी ठेवू. नाहीतर हा विषय बंद. प्राचार्यांना मी तसं कबूल करून आलोय.”

मला राग लवकर येतो. त्या दिवशीही आला, आणि संगमनेर येईपर्यंत उतरला नाही. आपल्याला जमलं नाही तर आपल्या मागून येणाऱ्या सगळ्या पोरींचं दार बंद होणार, हे काही केल्या मनातून जाईना.

माझ्यासोबत माझी आत्या होती. वडिलांची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून आमच्याकडेच राहणारी. ‘आत्याला सोबत नेत असशील तर जा,’ ही वडिलांची अट होती. नाहीतरी पाथर्डीकडच्या आमच्या गावात त्या वर्षी करायला होतंच काय? रानं पडीक, जनावरं पाहुण्यांकडे धाडलेली. आत्या नऊवारी नेसून, भाकरीठेच्याचं गाठोडं मांडीवर घेऊन सगळ्या पोरांच्या मधोमध बसली होती. तिला कुणी हसलं की ती त्याला भाकरी द्यायची, मग तो हसायचा थांबायचा.

शिकवायला फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार होते. पहिले तीन दिवस त्यांनी आम्हाला पुरुषभर उंचीच्या दगडांवरच खेळवलं. कवायतीच्या खाकी पँटी आम्ही नाड्यांनी आवळून बांधल्या होत्या. तिथे माझा हात धरणारं कुणी नव्हतं, मुलांतही नव्हतं. सुभेदारांनी विचारलं, “बेटी, आधी कुठे शिकलीस?” मी म्हटलं, “विहिरीत.” त्यांना वाटलं मी थट्टा करते.

थट्टा नव्हती. आमच्याकडच्या विहिरी काळ्या कातळात खोदलेल्या, पायऱ्या नसलेल्या. बाजूला पंजा मावेल एवढ्या खोबणी पाडलेल्या असतात, त्यात हात आणि पाय रोवत उतरायचं. पाणी तळाला गेलं की बायका खाली उतरतात, वाटीवाटीनं पाणी कळशीत भरतात आणि वरच्या बायका ती कळशी दोरानं ओढून घेतात. दोर कळशीला असतो, माणसाला नाही. त्या उन्हाळ्यात मी आणि आत्या रोज उतरत होतो.

चौथ्या दिवशी मोठ्या कड्याखाली उभं केलं. साठेक फूट काळा कातळ, वर उंबराचं झाड. उंबराला पाठ टेकून कॉलेजचा एक जुना गडी दोर धरून बसला होता आणि दोराचं दुसरं टोक खाली लोंबत होतं. सुभेदार म्हणाले, “हे कमरेला बांधायचं, मग चढायचं. पाय सुटला तरी वरचा धरून ठेवतो.”

मी सांगून टाकलं, पोटात दुखतंय.

आमच्या गावात जित्या माणसाच्या कमरेला दोर बांधत नाहीत. विहिरीत कुणी बुडालं की खाली उतरलेला माणूस त्याच्या कमरेला दोर बांधतो आणि वरचे त्याला ओढून काढतात. तो दोर पुन्हा घरात येत नाही, मसणवट्यातच टाकून देतात. लहानपणी शेजारच्या घरातल्या एका सुनेला असं वर काढताना मी पाहिलं होतं. दोर म्हटलं की मला तीच दिसायची. हे त्या सुभेदारांना, त्या सरांना, त्या शहरातल्या मुलींना कसं सांगायचं? कॉलेजात शिकतेस आणि असल्या गोष्टी मानतेस, असं म्हणाले असते. भीतीपेक्षा मला ती लाज जास्त वाटत होती.

बाकीच्या तिघींनी प्रयत्न केला. तिघींचीही चूक एकच झाली. कातळाला पोट लावून त्या त्याला मिठी मारत आणि सगळं अंग हातांवर ओढत. घराच्या उंचीला पोचेपर्यंत हात भरून यायचे, कापायला लागायचे. एकीचं कोपर सोललं. पाचव्या दिवशी सकाळी तिघींनीही हात वर केले. मी पुन्हा पोट धरून बसले. सरांनी वही मिटली आणि म्हणाले, “चला. मुलींचं बघून झालं.”

त्यांच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. ते ऐकून मला रडूच कोसळलं.

आत्या माझ्याजवळ येऊन बसली. “प्वाट न्हाई दुखत तुझं. दोराचं हाय न्हवं?”

मी मान डोलावली.

आत्या उठली. तिनं काष्टा घट्ट खोचला, डोक्यावरून घेतलेला पदर कमरेला आवळला आणि थेट सुभेदारांसमोर जाऊन उभी राहिली. “बांधा मला.”

“मावशी, हा काही खेळ नाही.”

“मी तरी कुटं खेळ म्हंते? बांधा.”

पोरं खिदळायला लागली. सुभेदारांनी मात्र तिच्या पायांकडे पाहिलं, रुंद आणि भेगाळलेल्या, बोटं फाकलेल्या पायांकडे, आणि मुकाट्यानं गाठ मारली. आत्यानं वर तोंड करून हाक दिली, “ए बाबा, जेवलास का? न्हाई, माजं वजन धरायचं हाय तुला!” आणि ती निघाली. अनवाणी, सावकाश, कातळापासून अंग दूर ठेवून. एक पाय पक्का झाल्याशिवाय दुसरा उचलत नव्हती. खिदळणं कधी थांबलं ते कळलंही नाही. कड्याच्या निम्म्यात एक टप्पा होता, तिथे पोचून तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. आता सरांचं धाबं दणाणलं. “बस्स मावशी, बस्स! विद्यार्थी सोडून कुणाला परवानगी नाही. मला नोकरीवरून काढतील, खाली या!”

आत्या कुरकुरत खाली आली. गाठ सोडून तिनं दोराचं टोक माझ्या हातात दिलं.

“बघितलंस का जित्या मानसाला बांधल्यालं? आता माजं ऐक. मढ्याला वरची मानसं वढत्यात. हितं तुला कुनी वढत न्हाई. तू तुझ्या पायानं जातीस. दोर नुसता संगं येतो.”

मी डोळे पुसले आणि दोर बांधून घेतला. गाठ पडताना ती सून डोळ्यांपुढे आली, ते खोटं कशाला सांगू? पण पाय कातळाला लागले आणि पुढचं पायांनीच पाहिलं. निम्मा कडा मी विहीर चढावी तशी चढले. माथ्याच्या खाली मात्र कातळ पुढे आलेला होता. त्याखाली हात पुरेना, आणि मी नेमकं तेच केलं ज्यासाठी दोन दिवस बाकीच्यांना मनातल्या मनात नावं ठेवत होते. दगडाला मिठी मारली. पाय दिसेनात, दंड थरथरू लागले. खालून आत्याचा आवाज आला, “प्वाट सोड त्याला! पाय बघ, पाय!”

मी पोट सोडलं. खाली पाहिलं तर डाव्या गुडघ्याजवळ खोबणीएवढी कपार होती. तिच्यात अंगठा रोवून उभी राहिले आणि हात आपसूक माथ्यावर पोचला. वरच्या त्या गड्यानं दोर इंचभरही ओढला नव्हता, हे त्यानंच नंतर सर्वांसमोर सांगितलं.

वर उभी राहिले तर भाताची कापलेली खाचरं आणि लांबवर भंडारदऱ्याचं पाणी. वाटीवाटीनं पाणी भरून आलेल्या पोरीला ते एवढं पाणी पाहून काय वाटलं असेल! पण खरं सांगते, त्या पाण्यापेक्षा मला माझं कौतुक जास्त वाटलं. मी जोरात ओरडले. खालून आत्यानं दोन्ही हात वर केले. सरांनी मिटलेली वही पुन्हा उघडली आणि खाली मान घालून माझं नाव लिहिलं. इतका अभिमान मला पदवीच्या दिवशीही वाटला नाही.

पुढच्या डिसेंबरात फलकावर मुलींची वेगळी सूचना लागली. चौदा नावं पडली, आणि स्टँडवर यायच्या आधी गळतील म्हणून मी रोज एकेकीच्या मागे लागत होते. एक दिवस सर स्वतः वसतिगृहाच्या फाटकात येऊन उभे राहिले. हातात पालकांच्या चिठ्ठ्या होत्या. त्या मला दाखवून ते जरा चाचरत म्हणाले, “बहुतेकांनी एकच लिहिलंय. गेल्या वर्षीच्या त्या बाई सोबत असतील तरच मुलीला पाठवू. तुझ्या आत्यांना वेळ आहे का, विचारशील?”

मी गावी पत्र टाकलं. आत्याला लिहिता येत नव्हतं. तिचं उत्तर वडिलांनी तिच्याच शब्दांत लिहून पाठवलं होतं, “येते म्हनावं. पन मास्तरला सांग, ह्या बारीला निम्म्यातनं माघारी यायची न्हाई.”

तिनं शब्द पाळला. वरून दोर मी धरला होता.