जपानी रीतीचा घरजावई

आता जपान कुठं नि हळ्ळीखेड कुठं! पण निंबर्ग्याच्या ग्यानबाचं वाटोळं झालं ते जपानपायीच.

ग्यानबा गुळव्या. उकळत्या काहिलीची नुसती वाफ हुंगून पाक कधी उतरवायचा ते सांगायचा. हळ्ळीखेडच्या भगवानरावांच्या गुऱ्हाळावर तो चार हंगाम राबला आणि त्यांच्या गुळाचं हुमनाबादच्या बाजारात नाव झालं. भगवानरावांना लेक एकच, राजूबाई. मुलगा नाही.

एकदा गुऱ्हाळावर गावच्या शाळेचे मास्तर हैदराबादचं उर्दू वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. जपानात म्हणे व्यापाऱ्याला मुलगा नसला, किंवा असून नालायक निघाला, की तो दुकानातल्या हुशार गड्याला लेक देतो, आपलं नाव देतो आणि सगळं घर त्याच्या हाती सोपवतो.

भगवानरावांनी मांडीवर थाप मारली. "ह्याला म्हंतात रीत! ग्यानबा, आजपासून तू माझा ल्योक. माझ्यामागं पगडी तुझ्याच डोईवर."

भाळला की गडी! राजूबाईशी लग्न झालं. ग्यानबानं निंबर्ग्याच्या शेतातला वाटा थोरल्या भावाला सोडला, बापाचं नाव लावणं सोडलं. सहा वर्षांनी बाप राघोबा वारला तेव्हा गुऱ्हाळ ऐन भरात होतं. ग्यानबा निघाला, तर भगवानराव आडवे आले.

"कुठं जायलास? जपानात जावई आल्या घरचंच सुतक पाळतोय."

हे मास्तरांनी कधी वाचलं होतं, देव जाणे! पण ग्यानबा काहिलीपाशी बसून राहिला. बापाला पाणी द्यायला गेला नाही. त्या दिवशी त्याच्या हातचा पाक पहिल्यांदा करपला.

आणखी सहा वर्षं गेली आणि भगवानराव वारले. ग्यानबानं डोकं भादरलं, पोटच्या पोरासारखं सगळं केलं. तेराव्याला तो पगडी बांधायच्या पाटाकडं निघाला, तर भाऊबंदांनी भगवानरावांच्या पुतण्याला, गुणवंताला तिथं आधीच बसवलेलं. ज्याला ऊस नि जोंधळा ओळखू येत नाही, त्या गुणवंताला! पगडी त्याच्या डोक्यावर चढली.

"अप्पानं मला शब्द दिलता," ग्यानबा ओरडला.

"गुणवंताच्या दत्तकाचा कागद आमच्यापाशी हाय. जावई तो जावई," भाऊबंद म्हणाले.

ग्यानबानं बायकोकडं पाहिलं. राजूबाईनं मान खाली घातली.

"तुला ठावं होतं?"

"व्हय. अप्पानं शपथ घातलती. तुमाला कळलं तर तुमी गुऱ्हाळ टाकून जाल म्हनले."

"कवापासनं?"

"आपल्या लग्नाच्या आदीपासनं."

बारा वर्षं तिनं ताट वाढलं होतं, आणि एका शब्दानं बोलली नव्हती! पगडीचं दुःख ग्यानबानं गिळलं असतं. हे गिळवेना. तो अंगावरच्या धोतरानिशी निघाला आणि दुसऱ्या दिवशी निंबर्ग्याला पोचला.

थोरला भाऊ दारात उभा होता. ग्यानबाचं तुळतुळीत डोकं बघून दचकला.

"कुणाचं सुतक रं?"

"आपल्या आबाचं," ग्यानबा म्हणाला. "मला यायला सा वर्सं उशीर झाला."