गळा फाटतो तिथून पुढं

धुरपताबाईचा आवाज मुदतीच्या तापानं खाल्ला, हे साऱ्या तांड्याला ठाऊक होतं. त्याआधी मंगरूळपीरच्या पंचक्रोशीतली एकही बंजारा नवरी तिच्याकडून ढावलो शिकल्याशिवाय सासरी गेली नव्हती. ढावलो म्हणजे माहेर सोडताना नवरीनं रडत गायचं गाणं. ज्या पोरीला ते येत नाही तिला जन्मभर टोमणे, मुक्यानं आली म्हणून. आता होळी झाली की खुद्द धुरपताबाईच्या नातीचं, कमलीचं लग्न होतं, अन् म्हातारी हटून बसलेली.

"दादी, गावाच्या पोरी शिकवल्या, मलेच काहून नाही?" कमली रडकुंडीला आली.

"फुटक्या घागरीनं पानी आनू काय व? जाय, भुरीबाईले विचार."

भुरीबाई! त्या बाईच्या सुरानं शेळ्या दावं तोडायच्या.

धुरपताबाई मिशनच्या दवाखान्यात झाडलोट करायची. तिथल्या अमेरिकन नर्सबाईला गाण्याचं भारी वेड. तिचा भाऊ दोन-तीन महिन्यांनी आगबोटीनं नव्या तबकड्या धाडायचा, सगळ्या गिटार वाजवत गाणाऱ्यांच्या. पार्सल फुटलं की नर्सबाई चावी देऊन फोनो लावायची अन् धुरपताबाई झाडू धरून उंबऱ्यात बसायची. शब्द एक कळत नसे, पण मत ठणठणीत. "हा नुसता बोटं नाचवते. पोटातून नाही येऊन राह्यलं." नर्सबाई हसायची, पण ती तबकडी खरंच मागं पडायची.

माघातल्या पार्सलात एका म्हाताऱ्याची तबकडी निघाली. आवाज काय, नुसती खरखर! सुई बोथट झाली म्हणून धुरपताबाईनं ती बदलायला लावली. खरखर तशीच. अर्ध्या ओळीत म्हाताऱ्याचा गळा फाटायचा, तो गप्प व्हायचा, अन् उरलेली ओळ गिटार पुरी करायची.

"याची पोरगी सासरी चालली काय व बाई?"

"नाही, बायको सोडून गेली. रेल्वेत बसून. याला आमच्याकडे ब्लूज म्हणतात."

"म्हना काही बी. ढावलोच हाय हा." तिनं डोळ्याला पदर लावला. "पन एवढा फाटका गळा घेऊन गायले लाज नाही वाटत याले?"

"लोक मुद्दाम ऐकायला जातात, धुरपताबाई."

"पुन्हा लाव."

तबकडी चारदा लागली. शेवटी तर ती फक्त गिटारच ऐकत होती.

घरी पोचल्या पोचल्या तिनं कमलीला समोर बसवलं. "माहा गळा जिथं फाटन, तिथून तू उचल." जीव मुठीत धरून म्हातारीनं तोंड उघडलं. अर्ध्या ओळीत गळा बसला. कमलीनं चाचरत पुढची ओढली. महिनाभर हेच चाललं. तांडा हसला, कावळा कोकिळेले शिकवून राह्यला म्हणे. हसा लेको! चाल पोरीच्या गळ्यात उतरत होती.

निघायच्या सकाळी रीतीप्रमाणं कमलीला सजवलेल्या बैलावर उभं केलं. तिनं दोन्ही हात वर करून सूर लावला अन् काय सांगू, हसणारेच डोळे पुसू लागले. दोन ओळी झाल्या. तिसरीत दादीचं नाव आलं अन् पोरीला असा हुंदका फुटला की आवाजच निघेना. सासरची माणसं एकमेकांकडं बघू लागली. भुरीबाई तर घसा खाकरून पुढं सरकली.

तेवढ्यात खालून खरखर ऐकू आली. धुरपताबाई कासरा धरून बैलापाशी उभी होती. डोळ्यांतून धारा, मान ताठ. भर तांड्यात, त्याच फाटक्या आवाजात, तिनं उरलेली ओळ पुरी केली.

वरून कमलीनं पुढची उचलली.