दोमादोर गुणाजी
भांडुपच्या आमच्या चाळीत गुणाजीकाकांच्या खोलीत देवाच्या फोटोशेजारी सर्कशीचं एक पोस्टर फ्रेम करून लावलेलं होतं. पोर्तुगीज अमलातल्या पणजीचं, १९५१ सालचं. वाघ, वाघापुढे मिशीवाला तरुण आणि खाली ठळक रोमन अक्षरांत 'दोमादोर गुणाजी'.

काका सांगत, मी वाघ खेळवायचो. आम्ही चांगले नोकरीला लागलेले टोणगे, पण टवाळी सुटत नव्हती. "दोमादोर म्हणजे पिंजरे झाडणारा!" असं आमच्यातला लहू ओरडायचा आणि सगळ्यात मोठ्याने मी हसायचो. आज लाज वाटते. कुणाकडून तरी त्या शब्दाचा अर्थ विचारून घ्या म्हटलं, की काका विषय बदलायचे.

त्र्याऐंशी साली समोरच्या खोलीत वसुधाताई राहायला आल्या. कॉलेजात फ्रेंच शिकवायच्या. दोन महिने काका त्यांना चुकवत होते. मग एका रविवारी फ्रेम काखेत मारून स्वतःच त्यांच्या दारात उभे राहिले. मी तिथेच पेपर मागायला गेलो होतो.

"बाय, झाडूवालो असा लिवलेला असात तरी सांग. पण हळू सांग."

मग खरं ते बाहेर पडलं. काका सर्कशीत पिंजरेच झाडायचे. पणजीत वाघवाल्या उस्तादाला ताप भरला आणि मॅनेजरने काकांना आत ढकललं. अकरा दिवस. पोस्टरही त्यानेच छापून घेतलं, पण माणूस एक नंबरचा थट्टेखोर. त्याने नक्की काय छापलंय, हे कुणाला विचारायची काकांना बत्तीस वर्षं हिंमत झाली नव्हती.

वसुधाताईंनी चष्मा लावला. "पोर्तुगीज मला येत नाही, पण शब्द ओळखीचा आहे. फ्रेंचमध्ये दोंतर, इटालियनमध्ये दोमातोरे, स्पॅनिशमध्ये तर दोमादोरच. सगळ्यांचं मूळ लॅटिनमध्ये. दोमारे, म्हणजे माणसाळवणं. आपल्या संस्कृतातल्या दमनचा चुलतभाऊच तो. काका, जनावरांना माणसाळवणारा, असं लिहिलंय."

काकांनी फ्रेमवरून हात फिरवला. "पण अकराच दिवस गो."

"पोस्टरवर दिवस कुठे लिहिलेत?" ताई म्हणाल्या.

मला इतका आनंद झाला, की पेपर तिथेच टाकून मी फ्रेम उचलली आणि गॅलरीत धावलो. "लहू, जरा बाहेर ये रे," मी हाक मारली.

मागून काकांचा आवाज आला, "आता मोठ्यान सांग, मेल्या!"